चहाच्या स्वादाची डेझर्ट्स: सुगंध उतरावा, कडवटपणा नको

पिठीसाखर

चहाच्या स्वादाची डेझर्ट्स घरी करताना दोन ठिकाणी गाडं अडतं. दुधात किंवा क्रीममध्ये चहापत्ती उकळली की रंग सुरेख येतो, पण खाताना जिभेवर तुरट थर बसतो आणि चहाचा वास नावालाच उरतो. केकचं उलटंच. पिठात कडक चहाचं पाणी ओतलं तरी भाजून हाती येतो तो नुसता तपकिरी केक. डोळे मिटून खाल्ला तर चहा ओळखूही येणार नाही.

तर सुगंध उतरावा आणि कडवटपणा मागे राहावा, यासाठी पत्ती कोणती घ्यायची, किती, आणि कशात किती वेळ ठेवायची? आइसक्रीम, केक, बिस्किटं, जेली, सगळ्याबद्दल लिहा. मापं ग्रॅममध्ये दिलीत तर फार बरं.

मंदआच

क्रीममध्ये पत्ती उकळणं, खरी चूक इथेच आहे. चहाचा सुगंध उडून जाणारा असतो. उकळताना स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो, तेव्हा तो पातेल्यातून निघून चाललेला असतो. कॅफीन आणि टॅनिन (तुरटपणा आणणारी द्रव्यं) मात्र कुठे जात नाहीत. उष्णता आणि वेळ जितका जास्त, तितके ते अधिक उतरत राहतात. म्हणून रंग गडद, तोंड तुरट आणि वास गायब.

यावर उपाय म्हणजे थंड क्रीममध्ये पत्ती मुरवणं. सुगंधी द्रव्यं स्निग्धांशात चांगली विरघळतात आणि थंडाव्यात टॅनिन फारसे सुटत नाहीत. ५०० मिली क्रीम (३५ टक्के स्निग्धांशाचं), त्यात १५ ग्रॅम दार्जिलिंग किंवा अर्ल ग्रेची सुटी पत्ती. ढवळा, झाका आणि फ्रीजमध्ये ८ ते १० तास ठेवा. क्रीम जेमतेम फिकट हस्तिदंती होतं. रंग पाहून वाटतं की काहीच उतरलं नाही, पण चमचाभर तोंडात घेतलं की आधी दुधाची गोडी लागते आणि गिळल्यावर मागून चहा येतो. अर्ल ग्रे असेल तर बर्गमॉटचा लिंबूवर्गीय वास नाकात चढतो.

एवढा एक नियम पाळा: स्वाद कमी वाटला तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका.

उकळी

चहाला वेळ नसते म्हणतात. क्रीममधल्या चहाला मात्र आठ तासांची वेळ पाळावीच लागते!

किटली

मंदआच, दार्जिलिंग आणि अर्ल ग्रेसाठी तुमचं म्हणणं पटतं, पण सगळ्याच चहांना थंड पद्धत लावू नका. आसामसारख्या चहाची खरी चव म्हणजे त्याचा भरदारपणा, तो माल्टसारखा खरपूस गोडवा. तो थंड क्रीममध्ये नीट उतरत नाही. पत्ती रात्रभर ठेवली तरी चव पोकळ लागते. त्याला उष्णता हवीच, फक्त मोजून.

आसामसाठी असं करा. ५०० मिली दूध कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत तापवा, म्हणजे साधारण ८५ अंश. गॅस बंद करून १२ ग्रॅम पत्ती घाला आणि लगेच झाकण ठेवा. ४ मिनिटांनी गाळा. सीटीसी, म्हणजे नेहमीचा दाणेदार चहा असेल तर ३ मिनिटं पुरे, कारण दाणा चुरडलेला असल्यामुळे सगळं भराभर सोडतो. पाचव्या मिनिटापासून तुरटपणा वाढू लागतो, सातव्याला तो साखरेनेही झाकत नाही.

गरम पद्धतीत पत्ती दुधात घाला, क्रीममध्ये नको. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे तोच चहा दुधात मऊ लागतो. क्रीममध्ये प्रथिन कमी असल्याने हा फायदा तितका मिळत नाही.

मंदआच

किटली, आसामबद्दल मान्य. दूध आणि क्रीम दोन्ही लागणारा पदार्थ असेल तर दोन्ही पद्धती एकत्र करता येतात: आसाम गरम दुधात, अर्ल ग्रे थंड क्रीममध्ये, मग दोन्ही एकत्र. भरदारपणा एकाचा, सुगंध दुसऱ्याचा.

गाळणी

पत्ती चमच्याने मोजू नका. एक छोटा चमचा सीटीसी अडीच ते तीन ग्रॅम भरतो. तोच चमचा लांब पानांच्या चहाचा असेल तर एक-दीड ग्रॅम. ‘चार चमचे चहा’ लिहिलेल्या पाककृती फसतात त्या इथेच. टी-बॅगमध्ये साधारण २ ग्रॅम असतो, पण आत बारीक भुकटी असते, म्हणून ती वेळेच्या बाबतीत सीटीसीसारखीच वागवा.

आणखी एक. पत्ती आपल्या वजनाच्या तिप्पट तरी द्रव पिते. १५ ग्रॅम पत्तीने ४०-५० ग्रॅम क्रीम गिळलेलं असतं. गाळल्यावर वजन करून तेवढं क्रीम वरून घातलं नाही, तर पुढचं सगळं प्रमाण कोलमडतं: गनाश (चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) फुटतं, पॅना कोटा (जिलेटिनने घट्ट केलेलं क्रीम) रबरासारखा होतो. आणि घट कमी करायची म्हणून फडकं पिळू नका. पिळलं की कडवट अर्क आणि भुकटी दोन्ही खाली उतरतात. गाळणीवर १० मिनिटं निथळू द्या.

अर्धा_कप

आइसक्रीमचं प्रमाण देतो. साहित्य: दूध २५० मिली, क्रीम २५० मिली, अंड्यांचे ५ बलक, साखर ११० ग्रॅम, चिमूटभर मीठ, चहा १५ ग्रॅम.

चहा क्रीममध्ये थंडच मुरवून, गाळून, तूट भरून घ्या. दूध अर्ध्या साखरेबरोबर तापवा. बलक उरलेल्या साखरेत फिकट होईपर्यंत फेटा. गरम दूध बारीक धारेने बलकांत ओतत सतत फेटत राहा, नाहीतर बलक शिजून गुठळ्या होतात. सगळं पातेल्यात परत घालून मंद आचेवर ८२-८३ अंशांपर्यंत न्या. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमचा बुडवून बाहेर काढा आणि पाठीवरून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली, दोन्हीकडची कडा खाली ओघळली नाही, की झालं. ८५ च्या पुढे बलक आवळतो आणि कस्टर्ड रवाळ होतं. आचेवरून उतरवून लगेच त्यात चहाचं थंड क्रीम ओता. शिजणं तिथेच थांबतं आणि क्रीमला आच लागत नसल्यामुळे सुगंध शाबूत राहतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये घुसळा.

मिश्रण गोठवण्याआधी चाखाल तेव्हा ते जरा जास्त गोड आणि जास्त चहाळ लागलं पाहिजे. थंडीत जिभेला गोडी आणि वास दोन्ही कमी कळतात. गोठण्याआधी जे ‘अगदी बरोबर’ लागतं, ते गोठल्यावर मिळमिळीत लागणार. मीठ विसरू नका, चिमटीभर मिठाने कडवटपणा जाणवेनासा होतो.

तुळस

अंडं आणि मशीन दोन्ही नको असेल तर?

अर्धा_कप

तुळस, मग ५०० मिली क्रीम, ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि १८ ग्रॅम चहा. चहा थोडा जास्त घेतला आहे, कारण कंडेन्स्ड मिल्कची गोडी दांडगी असते. क्रीममध्ये थंड मुरवा, गाळा आणि तूट क्रीमनेच भरा, दुधाने नको. दूध घातलं तर क्रीम फेटलं जाणार नाही. मऊ शिखरं येईपर्यंत फेटा, थंड कंडेन्स्ड मिल्क तीन वेळा थोडं थोडं घालून खालून वर हलक्या हाताने मिसळा आणि ६ ते ८ तास गोठवा.

गरम पद्धतीने स्वाद दिलेलं क्रीम त्याच दिवशी फेटायला घेऊ नका. स्निग्धांश पुन्हा घट्ट व्हायला रात्र लागते. नुसतं थंडगार लागलं म्हणून फेटलं तर फेस धरत नाही आणि शेवटी लोण्याचे कण सुटतात.

अंड्याशिवाय कस्टर्ड हवं असेल तर ५०० मिली चहाच्या दुधाला ३५ ग्रॅम कॉर्नफ्लोर. घट्ट झाल्यावरही एक मिनिट रटरटू द्या, नाहीतर पिठाची चव राहते.

केशरकाडी

माचाबद्दल, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक पुडीबद्दल कोणीच लिहिलं नाही. हिरवा रंग टिकत नाही, शेवाळी होतो. आणि गुठळ्या.

मंदआच

माचा मुरवायचा नसतो, पानाची पूडच पोटात जाते. त्यामुळे ‘गाळून कडवटपणा मागे ठेवू’ हा मार्गच बंद. प्रमाण सांभाळायचं: ५०० मिली दूध-क्रीमला १० ग्रॅम, २०० ग्रॅम मैद्याच्या केकला १० ते १२ ग्रॅम.

गुठळ्या होतात कारण पूड अतिशय बारीक असते आणि ओलावा लागला की कण एकमेकांना चिकटतात. आधी बारीक चाळणीतून चाळा, मग पाककृतीतल्या साखरेतच कोरडा मिसळा. साखरेचे दाणे पुडीचे कण वेगळे ठेवतात. त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून गुळगुळीत लेप करा आणि लेपात हळूहळू दूध. उलटं, म्हणजे दुधावर माचा भुरभुरवला, तर फेटून हात दुखतील पण गुठळ्या जाणार नाहीत.

रंगाचं म्हणाल तर तो हरितद्रव्याचा. उष्णता आणि आंबटपणा दोन्ही त्याचे वैरी. दही, ताक, लिंबू घातलेल्या केकमध्ये तो शेवाळी होणारच. भट्टी १६० अंशांवर ठेवा आणि वरून रंग येऊ लागला की फॉइल झाका. न भाजायचे पदार्थ, म्हणजे आइसक्रीम, मूस, पांढऱ्या चॉकलेटचं गनाश, यांत रंग सगळ्यात चांगला राहतो. पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर, फ्रीजमध्ये.

किटली

हिरव्या चहाची पत्ती गरम पाण्यात मुरवणार असाल तर ७०-८० अंश, २ मिनिटं. उकळतं पाणी ओतलं की कडू. भाजलेला हिरवा चहा, होजिचा, मात्र फारच सोशिक आहे. तुरटपणा कमी, वास भाजक्या दाण्यांसारखा. पहिल्यांदाच करणाऱ्याने गरम दुधाचं कस्टर्ड होजिचाचं करावं, चुकायला फार वाव नाही.

गाळणी

जेलीचं राहिलं. चहाची जेली गढूळ होते याची दोन कारणं. कडक गरम चहा थंड होताना कॅफीन आणि पॉलीफेनॉल एकमेकांना धरतात आणि गढूळ साका दिसू लागतो. शिवाय टॅनिन जिलेटिनलाही चिकटतात, ते प्रथिनच आहे. चहा फार कडक असला तर तंतू दिसतात.

म्हणून जेलीसाठी चहा थंड पाण्यातच काढा: ५०० मिली पाणी, १० ग्रॅम पत्ती, फ्रीजमध्ये ८ तास. काचेसारखा स्वच्छ उतरतो. ८ ग्रॅम जिलेटिन पाचपट थंड पाण्यात १० मिनिटं फुलवा. चहातला फक्त १०० मिली भाग ७० ग्रॅम साखरेबरोबर ६० अंशांपर्यंत तापवून त्यात जिलेटिन विरघळवा आणि उरलेल्या थंड चहात मिसळा. साच्यातून काढायची असेल तर जिलेटिन १० ग्रॅम. लिंबाचे थेंब घातले की रंग फिकट होऊन तांबूस सोनेरी होतो. हवा असेल तर घाला, नको असेल तर टाळा.

शाकाहारी हवी तर अगर-अगरची पूड ४ ग्रॅम. पण ती दोन मिनिटं उकळल्याशिवाय काम करत नाही, म्हणून ती १५० मिली पाण्यात उकळा आणि त्यात साध्या तापमानाला आणलेला चहा ओता. चहा फ्रीजमधून काढून थेट ओतला तर अगर जागीच गोठून दाणे पडतात, कारण ती चाळीस अंशांच्या आतबाहेरच घट्ट होते. पाण्याचं माप चहातून वजा करायला विसरू नका.

उकळी

आल्याचा चहा घातलेलं कस्टर्ड हमखास फाटतं. आच मंद ठेवूनही.

किटली

आच नाही, आलंच कारण आहे. ताज्या आल्यात प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं, दूध कोमट असताना ते जोरात काम करतं. किसलेलं आलं आधी पाण्यात ३ मिनिटं खळखळ उकळा, एन्झाइम मरतं. मग ते पाणी आटवून दुधात. सुंठीच्या पुडीने हा त्रास सहसा होत नाही, फक्त ती चाळून घ्या. जिलेटिनच्या पदार्थातही आलं उकळूनच, नाहीतर जेली धरत नाही.

चॉकोचिप

गनाशचं माप कोणी देईल का?

गाळणी

५५ टक्क्यांचं डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, गाळल्यानंतर मोजलेलं क्रीम २०० ग्रॅम, पत्ती १० ग्रॅम. हे झालं भराई किंवा लेपासाठी. गोळे वळायचे तर क्रीम १०० ग्रॅम. मिल्क चॉकलेट असेल तर क्रीमच्या दुप्पट, पांढरं असेल तर तिप्पट.

माझं स्पष्ट मत: डार्क चॉकलेटमध्ये दार्जिलिंग वाया घालवू नका. तो नाजूक फुलोऱ्याचा वास कोकोखाली दबतो. डार्कबरोबर लॅपसांग सूचाँग, जो पाइनच्या धुरावर वाळवतात, तो पुरून उरतो. पण ५ ग्रॅमच, नाहीतर चॉकलेटला चुलीचा वास. अर्ल ग्रेची जोडी मिल्क चॉकलेटशी, जास्मिनची पांढऱ्याशी.

तुळस

हे सगळं मुलांना चालतं का? भाजल्यावर कॅफीन जातं ना?

मंदआच

जात नाही. केकचा गाभा भट्टीत १०० अंशांच्या वर जात नाही, तेवढ्याने कॅफीनला काही होत नाही. कोरड्या पत्तीत साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं. म्हणजे १५ ग्रॅम पत्तीत ३०० ते ६०० मिलिग्रॅम. ते सगळं उतरलं असं धरून वाढणींनी भागा, अंदाज येईल. माचा तर आख्खा खाल्ला जातो. मुलांसाठी रुइबॉस घ्या. ते चहाचं झाडच नव्हे, कॅफीन नसतं, आणि ते १०-१५ मिनिटं गरम दुधात राहिलं तरी कडू होत नाही.

पिठीसाखर

क्रीमचं कोडं सुटलं, सगळ्यांचे आभार. केक आणि बिस्किटांवर या आता. पाणी घालून चहा उतरत नाही, तर मग पत्ती दळून घालायची का?

अर्धा_कप

दळून नको. दातांखाली कचकच येते, आणि सीटीसी दळली तर कडूजहर.

केशरकाडी

असहमत. सीटीसीपुरतं बरोबर आहे, पण अर्ल ग्रेसारखी पानाची पत्ती मिक्सरमध्ये थोड्या साखरेबरोबर दळून, चाळून घेतली तर कचकच अजिबात येत नाही. चाळणीवर राहिलेलं टाकून द्या. २०० ग्रॅम मैद्याला चाळलेली ५ ते ६ ग्रॅम पूड. साखरेबरोबर दळल्याने दळताना निघणारं बर्गमॉटचं तेल साखर टिपून घेते. दळलेली साखर तासभर झाकून ठेवा, मग वापरा.

गाळणी

दोन्ही एकत्र करा, केकला खरा चहा तेव्हाच येतो. बटरमध्येही मुरवायचा आणि पूडही घालायची. १०० ग्रॅम बटर हवं असेल तर १३० ग्रॅम घ्या. ते वितळवा, फसफसू देऊ नका, १२ ग्रॅम पत्ती घालून अगदी मंद आचेवर ५ मिनिटं, मग झाकून १० मिनिटं, आणि गाळा. बटर पुन्हा मऊ घट्ट होऊ द्या, म्हणजे साखरेबरोबर फेटता येईल. वितळलेलंच फेटायला घेतलं तर हवा धरत नाही, केक बसतो.

पाण्याचा चहा फिका पडतो याचं कारण मापात आहे. केकमध्ये द्रव १०० मिलीच्या आसपास, त्यातला चहा पीठ, साखर, अंडी यांत विरून जातो. शिवाय खाण्याचा सोडा घातला असेल तर अल्कलीत चहा आणखी काळपट होतो. रंगावरून वाटतं चहा पुष्कळ आहे, चवीत नसतो. बेकिंग पावडर वापरा.

पाण्याच्याच चहाने करायचा तर एकच केक जमतो, सुक्या फळांचा. ३०० मिली गरम कडक काळ्या चहात ३५० ग्रॅम मनुका-बेदाणे आणि १५० ग्रॅम ब्राउन शुगर रात्रभर भिजवायची. सकाळी मनुका टपोऱ्या फुगलेल्या असतात आणि तळाला थोडा दाट काळा रस उरतो. तो गाळायचा नाही, सगळा केकमध्येच. १ अंडं, २५० ग्रॅम मैदा, १२ ग्रॅम बेकिंग पावडर, बटर नाही. १६० अंशांवर १ तास १० मिनिटं. इथला तुरटपणा चालतो, कारण फळांची गोडी त्याला तोलते.

केशरकाडी

बिस्किटांचं प्रमाण: बटर १३० ग्रॅम, पिठीसाखर ७० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, वर सांगितलेली पूड ६ ग्रॅम, चिमूट मीठ. मऊ बटर साखरेबरोबर फक्त एकजीव करा, फार फेटू नका, नाहीतर बिस्किटं पसरतात. मैदा घालून गोळा होईपर्यंतच मिसळा, लांबट गोल वळकटी करून गुंडाळा, दोन तास फ्रीजमध्ये. पाऊण सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, १६० अंश, १८ ते २० मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की काढा. तळ तपकिरी होईपर्यंत ठेवलंत तर बटरच्या खरपूस वासापुढे अर्ल ग्रे हरतो. पूर्ण गार झाल्यावरच डबा लावा.

पिठीसाखर

क्रीम गाळल्यावर उरणारी पत्ती पुन्हा वापरता येईल का? टाकवत नाही, केवढं क्रीम चिकटलेलं असतं.

गाळणी

पत्ती पुन्हा मुरवू नका, आता तिच्यात सुगंध कमी आणि कडवटपणा भरपूर उरलेला असतो. पण चिकटलेलं क्रीम परत मिळतं. आइसक्रीमच्या किंवा कस्टर्डच्या मापातलं थंड दूध त्या गाळणीतल्या पत्तीवरून सावकाश ओता, खालच्या भांड्यात धरा आणि तेच दूध पुढे वापरा. दूध गरम नको, पत्ती ढवळायची नाही, फक्त धुऊन घ्यायची.